चित्रकलेचा श्रीगणेशा

चित्रकला ही जन्मजात देणगी आहे, ती ज्याच्या बोटांत नाही त्याने शिसपेन्सिल हाती धरण्याच्या भानगडीत पडू नये, अशी एक समजूत सुशिक्षित घरांतून फार घट्ट रुजलेली आढळते. गाणे शिकणाऱ्या मुलीचा पहिल्या महिन्यात सूर लागला नाही, तर कोणी तिची शिकवणी बंद करीत नाही. पोहावयास शिकणारा पहिल्या दिवशी गटांगळ्या खातो, म्हणून पोहणे त्याच्या नशिबी नाही असा निकाल कोणी देत नाही. चित्रकलेच्या बाबतीत मात्र पहिलीच आकृती वाकडी आली की निकाल लागतो. ‘आमच्या हातात कला नाही’ एवढे म्हणून माणूस मोकळा होतो, आणि पुढे जन्मभर त्याच्या कागदावर हिशेबाच्या आकड्यांपलीकडे काही उमटत नाही.

ही समजूत खरी असती, तर तिच्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नव्हता. परंतु ती खरी नाही, आणि ती खरी नसल्याचा पुरावा प्रत्येकाच्या हातातच आहे. ज्याला बालबोध लिपी लिहिता येते, त्याने लहानपणी पन्नासाच्या आसपास आकृती पाहून काढावयास शिकलेल्या असतात, आणि त्या काही सोप्या नव्हेत. ‘ळ’ची दोन वेटोळी, ‘क्ष’ची गाठ, ‘झ’चे वळण ही सारी रेखाटनेच होत. पहिल्या दिवशी पाटीवर उमटलेला ‘अ’ घरातल्या माणसांनाही ओळखू येत नसे. सहा महिन्यांनी तोच ‘अ’ ओळीत नीट बसू लागला. त्याला कोणी प्रतिभा म्हटले नाही, गिरवणे म्हटले.

दुसरा पुरावा दाराबाहेर असतो. ज्या गृहिणीला चित्र काढावयास सांगितले असता ती लाजून हसते, तीच गृहिणी सणाच्या दिवशी उंबरठ्याशी बसून पंधरा ठिपक्यांची रांगोळी बिनचूक जुळवते. आधी ती ठिपक्यांचे अंतर डोळ्यांनी ठरवते, मग ठिपके मांडते, आणि सर्व ठिपके आपापल्या जागी बसल्यावरच रेघ ओढते. चित्रकलेची शाळा पहिल्या वर्षी जे शिकवते, त्याचे सार एवढेच आहे: आधी जागा, मग रेघ. नवशिके उलट करतात. त्यांची रेघ आधी सुटते, आणि ती कोठे जाऊन थांबावयाची याचा विचार कागद संपत आल्यावर सुरू होतो.

मग अडचण कोठे आहे? हात थरथरतो, रेघ सरळ येत नाही, ही तक्रार सर्वसाधारण असली तरी खरी अडचण ती नव्हे. सही करणारा प्रत्येक हात चित्र काढण्याइतका स्थिर असतो. अडचण डोळ्याची आहे; अधिक नेमके सांगावयाचे तर, डोळा आणि मन यांच्यातील भांडणाची आहे. डोळ्याला जे दिसते ते मन कागदावर उतरू देत नाही. मनाला जे ठाऊक असते, तेच ते उतरवते.

याचे उदाहरण म्हणून पाण्याचा साधा तांब्या घ्यावा. तो टेबलावर ठेवून समोर खुर्चीवर बसावे आणि पाच मिनिटांत त्याचे चित्र काढावे. दहांपैकी नऊ नवशिके तांब्याचे तोंड चांगले गोल वाटोळे काढतील, आणि त्याचे बूड एका आडव्या सरळ रेघेने संपवतील. तोंड गोल असते हे मनाला ठाऊक आहे, म्हणून ते गोल. तांब्या सपाट टेबलावर बसला आहे हेही ठाऊक आहे, म्हणून बूड सपाट. प्रत्यक्षात डोळ्याला यांतील एकही गोष्ट दिसत नसते. तोंड दिसते ते दोन्ही बाजूंनी लांबट, वरून खालून दबलेल्या वर्तुळासारखे, म्हणजे लंबवर्तुळाकार. बूडही तसेच वक्र दिसते; एवढेच नव्हे, तर ते डोळ्याच्या पातळीपासून अधिक खाली असल्यामुळे त्याचा वक्र तोंडाच्या वक्रापेक्षा अधिक भरीव असतो. तांब्या हळूहळू उचलून डोळ्यासमोर आणला, तर तोंडाचे लंबवर्तुळ अरुंद होत होत शेवटी त्याची एक रेघ होते. आणखी वर नेला, तर तोंडाच्या आतला भाग दिसेनासा होतो आणि बुडाखालची बाजू दिसू लागते. हा प्रयोग एकदा स्वतःच्या हाताने केला, म्हणजे ‘दिसणे’ आणि ‘ठाऊक असणे’ यांतील फरक पुस्तकाशिवाय समजतो. लंबवर्तुळाच्या दोन्ही टोकांना कोन नसतो, तेथेही वळणच असते, एवढी एक सूचना पुरेशी आहे. कारण नवशिक्यांची लंबवर्तुळे बहुधा होडीसारखी टोकदार होतात.

माणसाच्या चेहऱ्यातही हीच गोष्ट घडते. डोळे डोक्याच्या वरच्या भागात असतात असे सर्वांना वाटते, म्हणून चित्रातील माणसाला कपाळच राहत नाही. मोजून पाहिले, तर टाळूपासून हनुवटीपर्यंतच्या उंचीच्या जवळजवळ मध्यावर डोळे असतात. आरशासमोर पेन्सिल धरून हे कोणालाही पडताळता येते. बोलताना लक्ष चेहऱ्यावर असते, केसांखालच्या कवटीवर नसते. म्हणून मन चेहरा वाढवते आणि डोके कापते.

या भांडणात डोळ्याच्या बाजूने उभा राहणारा साक्षीदार म्हणजे मोजमाप. चित्रकार हात लांब करून, एक डोळा मिटून पेन्सिल समोर धरतो, ती ऐट नसते. तांब्याची रुंदी पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत मापावयाची, आणि तेच माप उभे धरून उंचीत कितीदा बसते ते पाहावयाचे, एवढेच त्यामागचे काम आहे. मोजताना कोपर वाकवू नये, कारण हात जवळ आला की माप बदलते आणि सर्वच प्रमाण खोटे ठरते. असे माप घेऊन कागदावर पाच ठिपके द्यावेत: वरचे टोक, खालचे टोक, डावी कड, उजवी कड आणि मानेची जागा. मधून एक उभी मध्यरेषा फिकट ओढावी. मग आकार काढावा. रांगोळीतील ठिपके येथे पुन्हा भेटतात. फरक एवढाच की, तेथे ठिपके रूढीने ठरलेले असतात आणि येथे ते समोरच्या वस्तूला विचारून ठरवावयाचे असतात.

वस्तूनंतर जागा. घर, रस्ता, खोली काढावयाची म्हणजे यथार्थदर्शनाचे नियम आलेच, आणि हे नाव ऐकूनच पुष्कळ जण पेन्सिल खाली ठेवतात. गिरगावातील, लालबागेतील किंवा परळातील चाळीत जो राहिला आहे, त्याने मात्र या नियमांना भिण्याचे कारण नाही. चाळीच्या लांब गॅलरीच्या एका टोकाला उभे राहावे. समोर दारांची रांग, डोक्यावर छताच्या तुळया, कडेला कठडा. छताच्या रेघा दूर जाता जाता खाली उतरतात. कठड्याची रेघ वर चढते. आणि त्या सर्व रेघा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाकडे, बरोबर पाहणाराच्या डोळ्याच्या उंचीवर, एका बिंदूकडे धावतात. आता त्याच जागी जमिनीवर पाट मांडून बसावे. मघाशी वर चढणारी कठड्याची रेघ आता खाली उतरू लागते, कारण डोळा कठड्याच्या खाली गेला. चाळ तीच आहे, कठडा तोच आहे. पाहणारा तेवढा बसला. क्षितिजरेषा म्हणजे पाहणाराच्या डोळ्याची पातळी, हा यथार्थदर्शनाचा पहिला सिद्धांत एका पाटावर बसून शिकता येतो. दादर स्थानकाच्या पुलावरून खाली पाहणाऱ्याला तोच धडा रेल्वेच्या रुळांत दिसतो. तेथे रूळ दूर जाता जाता वर चढतात आणि एकमेकांजवळ येतात, जणू पुढे कोठेतरी त्यांची गाठ पडणार आहे.

यानंतर छायाप्रकाश. एकाच खिडकीची खोली ही राहणाराच्या दृष्टीने अडचणीची असली, तरी चित्र शिकणाराच्या दृष्टीने उत्तम होय. तेथे उजेड एकाच बाजूने येतो. दिवे मालवून एक पांढरा चेंडू पांढऱ्या कागदावर खिडकीजवळ ठेवावा आणि डोळे किलकिले करून पाहावे. किलकिल्या डोळ्यांना बारीकसारीक गोष्टी दिसत नाहीत, मोठे भाग तेवढे दिसतात, आणि नवशिक्याला तेच हवे असते. चेंडूवर पाच गोष्टी आढळतील: उजेड थेट पडलेला भाग, त्याच्या शेजारची मध्यम छटा, मग सर्वांत गडद पट्टा, त्याच्या पलीकडे खालच्या कागदावरून परतलेला किंचित उजेड, आणि चेंडूची कागदावर पडलेली सावली. सर्वांत गडद भाग चेंडूच्या अगदी कडेला नसून कडेच्या थोडा अलीकडे असतो, ही गोष्ट बहुतेकांना प्रथमच समजते. परतलेला उजेड पाहून नवशिका हरखतो आणि तो भाग पांढराच सोडतो, ते टाळावे. छायेतील उजेड कितीही दिसला, तरी तो छायेचाच घटक असतो. उजेडाकडील सर्वांत मंद छटेपेक्षाही तो गडदच ठेवावा.

येथपर्यंत जे सांगितले, त्यात नवीन काही नाही. मुंबई शहरात हे शिक्षण दीडशे वर्षांहून अधिक काळ चालू आहे. सर जमशेटजी जीजीभाई यांनी कला आणि उद्योग यांच्या शिक्षणासाठी एक लक्ष रुपयांची देणगी देऊ केली, आणि १८५७ साली त्यांच्या नावाची कलाशाळा येथे सुरू झाली. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तेथे शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट त्यांच्या हातचे आहेत. पुढे बोरीबंदरच्या स्थानकावरील दगडी पाने, फुले, पशुपक्षी यांच्या नक्षीकामात या शाळेच्या विद्यार्थ्यांचा हात लागला. रोज त्या स्थानकातून धावतपळत कचेरीला जाणाऱ्या हजारो माणसांच्या डोक्यावर विद्यार्थ्यांचा अभ्यास कोरलेला आहे.

कोल्हापुरात १८६७ साली जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली या शाळेत विद्यार्थी म्हणून आले. तेथेच ते शिक्षक झाले, आणि एकेचाळीस वर्षांनी निवृत्त झाले. त्या काळाच्या आठवणींचे त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. मोठी पौराणिक आणि ऐतिहासिक चित्रे हा त्यांच्या कीर्तीचा पाया असला, तरी नवशिक्याने पाहावी ती त्यांची रस्त्यावरच्या माणसांची रेखाटने. एस. एम. एडवर्ड्स यांच्या मुंबईच्या गल्लीबोळांवरील इंग्रजी पुस्तकासाठी १९१२ साली त्यांनी जी चित्रे काढली, त्यांत शहरातील माणसे आपापल्या पेहरावात आणि आपापल्या उभे राहण्याच्या ढबीत ओळखू येतात. अशी ढब कल्पनेने सुचत नाही; ती पाहून पाहून हाती येते. त्यांची कन्या अंबिका धुरंधर यांनी १९३१ साली याच शाळेची पदविका मिळवली. ती मिळवणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांत त्यांची गणना होते.

ज्यांना त्या शाळेत जाणे शक्य नव्हते, त्यांच्यासाठी शहरात खासगी वर्ग निघाले. सावंतवाडीहून आलेले जलरंगांचे निष्णात चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांनी १९०८ साली आपली कलासंस्था काढली. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या माणसाला अशा वर्गांनी हात दिला. दीनानाथ दलाल यांनी १९४५ साली ‘दीपावली’ वार्षिक सुरू केले, आणि चांगले रेखाटन कसे असते हे ज्या घरांत कोणी कधी चित्रप्रदर्शन पाहिले नव्हते, त्या घरांतही दिसू लागले.

परंतु ‘हातात कला नाही’ या वाक्याला खरे उत्तर दिले आहे ते कृष्णाजी हौलाजी आरा यांच्या आयुष्याने. १९१४ साली सिकंदराबादजवळच्या बोलारम येथे त्यांचा जन्म झाला. आई लहानपणीच गेली, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास हा मुलगा घर सोडून मुंबईस आला. पोटासाठी त्याने घरगडी म्हणून कामे केली, मोटारी धुतल्या. मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवासही भोगला. कलाशाळेची पदविका त्यांना कधी मिळाली नाही. केतकरांच्या कलासंस्थेत ते काही काळ शिकले आणि रेखाकलेची ग्रेड परीक्षा त्यांनी दिली. शिक्षण म्हणावयाचे तर एवढेच. उरलेले शिक्षण मोटारी धुऊन झाल्यावरच्या वेळात झाले. टाइम्स ऑफ इंडियाचे कलासमीक्षक रूडी फॉन लायडन आणि चित्रकार वॉल्टर लँगहॅमर यांची दृष्टी या चित्रांकडे गेली, आणि १९४२ साली आरांचे पहिले एकल प्रदर्शन भरले. १९४७ साली प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप स्थापन झाला, तेव्हा सूझा, रझा, हुसेन यांच्या बरोबरीने आरा त्याच्या संस्थापकांत होते. १९५२ साली बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक त्यांना मिळाले. ज्या चित्राला ते मिळाले, त्याचा विषय होता दोन जग. म्हणजे पाण्याची दोन भांडी. घरात ज्याच्याकडे कोणी वळून पाहत नाही, त्या वस्तूकडे ते इतका वेळ पाहत राहिले की, तिच्यासाठी शहराने त्यांना सन्मानिले. पुढे नवोदितांना प्रदर्शनासाठी जागा मिळावी म्हणून ते काळा घोडा येथील आर्टिस्ट्स सेंटरच्या कामात वर्षानुवर्षे राबले. १९८५ साली त्यांचे निधन झाले.

प्रत्येक नवशिका आरा होणार नाही, हे उघड आहे. तसे होण्याची गरजही नाही. पेटी शिकणारी प्रत्येक मुलगी मैफलीत बसत नाही. तरी तिच्या घरात गाणे येते. चित्रकलेकडून तेवढी अपेक्षा ठेवली तरी पुष्कळ मिळते.

आता आरंभ कसा करावा, ते पाहू. साहित्य खर्चाचे नाही. एच.बी., २बी आणि ४बी अशा तीन शिसपेन्सिली, त्यांना टोक काढण्यासाठी पाते, एक गुळगुळीत फळी आणि तीवर कागद धरण्यास दोन चिमटे. कागद महाग घेऊ नये. महागड्या कागदासमोर हात अवघडतो. एक रेघ चुकली तर पैसे वाया गेले असे वाटते. कचेरीतील पाठकोरे कागद, जुन्या कॅलेंडरांच्या पाठी हे पहिल्या दोन महिन्यांना भरपूर होय. पेन्सिल लिहिताना धरतात तशी टोकाजवळ घट्ट धरू नये. थोडी मागे, सैल धरावी. लांब रेघ मनगटातून न ओढता खांद्यातून ओढावी. खोडरबर पहिल्या महिन्यात पेटीतच राहू द्यावा. चुकीची रेघ पुसली की, चूक कोठे झाली हेही पुसले जाते. तीच रेघ राहू देऊन तिच्याशेजारी बरोबर रेघ काढली, म्हणजे दोहोंतील अंतर हाच धडा होतो.

वेळ रोज पंधरा मिनिटे पुरे. रविवारी तीन तास बसून पुढचे सहा दिवस काही न करणे यापेक्षा रोजची पंधरा मिनिटे कितीतरी अधिक फळ देतात, कारण डोळ्याची सवय रोजच्या वापराने पडते. पहिल्या आठवड्यात निरनिराळ्या दिशांच्या सरळ रेघा, वर्तुळे आणि लंबवर्तुळे काढावीत. दुसऱ्या आठवड्यात घरातील एकेक भांडे घ्यावे: तांब्या, वाटी, कपबशी, किटली. तिसऱ्यात त्याच भांड्यांना छायाप्रकाश द्यावा. चौथ्या आठवड्यात दोन वस्तू शेजारी ठेवाव्यात, आणि त्यांच्यामधील रिकाम्या जागेचा आकार आधी काढावा. ही युक्ती फार गुणकारी आहे. रिकाम्या जागेला नाव नसते. ती कशी असते हे मनाला आधीपासून ठाऊक नसते. म्हणून तेथे मनाची लुडबुड होत नाही, आणि डोळ्याला जे दिसते तेच कागदावर उतरते.

आठवड्यातून एक दिवस स्मरणचित्राचा ठेवावा. लोकलमध्ये समोर बसलेला माणूस, भाजीवालीची टोपली, बसस्थानकावरची रांग, यांतील एक गोष्ट निवडून ती मन लावून पाहावी, आणि घरी आल्यावर आठवून काढावी. जेथे आठवण अडते, तेथे पाहिलेच नव्हते असे समजावे. दुसऱ्या दिवशी तोच भाग मुद्दाम पाहून यावे. प्रत्येक चित्राखाली तारीख घालावी आणि एकही चित्र फाडू नये.

महिन्याभराने घराबाहेर पडावे. भायखळ्याच्या राणीच्या बागेत, म्हणजे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात, जनावरे मनासारखी स्थिर बसत नाहीत, हाच तेथील लाभ आहे. एकाच कागदावर चार-पाच अपुरी रेखाटने सुरू ठेवावीत. जनावर पुन्हा त्या ढबीत आले की ते ते रेखाटन पुढे न्यावे. शेजारीच १८७२ साली खुले झालेले डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे. दादरच्या फुलबाजारात झेंडूचा ढीग काढावयाचा, तर एकेक फूल काढीत बसता येत नाही. ढिगाचा एकूण आकार, त्याची उजेडाची आणि सावलीची बाजू आधी मांडावी लागते, आणि कडेची चार-दोन फुले तेवढी स्पष्ट करावी लागतात. ज्याला हे जमले, त्याला झाड आणि माणसांची गर्दी काढण्याचा मार्ग सापडला.

परळ येथे १९३१ साली रस्त्याचे काम चालू असता एक प्रचंड शिवमूर्ती मातीत सापडली. ती परळच्या बारादेवीच्या देवळात आहे, आणि तिची प्रतिकृती छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. एका आकृतीतून दुसरी, दुसरीतून तिसरी अशा शिवाच्या आकृती मध्यरेषेवर उभ्या उगवत गेल्या आहेत, आणि दोहों बाजूंना झुकलेल्या आकृतींनी तोल राखला आहे. संग्रहालयातील प्रतिकृतीसमोर वही घेऊन बसणाऱ्याला मध्यरेषा म्हणजे काय, हे शिकवणीशिवाय समजते. गणेशोत्सवाच्या आधी लालबाग-परळच्या कारखान्यांत मूर्तीच्या डोळ्यांची आखणी चालते, तीही एकदा लक्षपूर्वक पाहावी. कारागीर हात कोठे टेकवतो, श्वास कसा रोखतो, आणि कुंचला टेकण्यापूर्वी किती वेळ नुसता पाहतो, ते ध्यानात घ्यावे. त्याच्या कामातील मोठा भाग पाहण्यातच जातो.

दोन मोहांपासून मात्र दूर राहावे. पहिला मोह नकलेचा. छापील चित्र किंवा फोनवरील छायाचित्र समोर ठेवून काढलेले चित्र लवकर चांगले दिसते, म्हणून नवशिका त्याला भुलतो. परंतु छायाचित्रात खरे अवघड काम, म्हणजे भरीव वस्तू सपाट करण्याचे काम, यंत्राने आधीच केलेले असते. शिकणाराच्या वाट्याला हमाली तेवढी राहते. नक्कल सर्वस्वी निषिद्ध नाही. १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली याच कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती केल्या, आणि त्यांचे मोल मोठे आहे. पण ते विद्यार्थी प्रत्यक्ष पाहून काढावयास आधी शिकलेले होते.

दुसरा मोह गुणांचा, आणि तो पालकांचा आहे. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकलेच्या शासकीय परीक्षांनी महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांना वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती यांची गोडी लावली. त्यांचा अभ्यासक्रम नवशिक्याला आजही उत्तम वाटाड्या आहे. परंतु इंटरमिजिएट उत्तीर्ण झाल्यास दहावीच्या निकालात वाढीव गुण मिळतात, म्हणून मुलाला वर्गाला घालावयाचे, आणि ते गुण पदरी पडले की त्याची रंगपेटी माळ्यावर टाकावयाची, ही रीत बऱ्याच घरांतून दिसते. ज्या वयात डोळा नुकता उघडू लागला, त्याच वयात तो मिटवावयाचा, असा हा व्यवहार होय. पुढे तोच मुलगा चाळिशीत ‘आमच्या हातात कला नाही’ असे म्हणतो, तेव्हा ती कला कोणत्या वर्षी काढून घेतली गेली, हे घरातल्या कोणाच्या स्मरणातही नसते.

अखेर, हे सर्व कशासाठी? चित्र विकण्यासाठी नव्हे, की भिंतीवर लावण्यासाठीही नव्हे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या. ज्यांच्या भोंग्यावर परळ-लालबाग उठत असे, त्यांच्या जागी मनोरे उभे राहिले. चाळी पडत आहेत. ज्या गॅलरीत यथार्थदर्शनाचा पहिला धडा मिळतो, ती गॅलरी पुढच्या पिढीला पाहावयास मिळेलच असे नाही. छायाचित्रे पुष्कळ निघतात. पण छायाचित्र काढणारा क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. जो अर्धा तास बसून कठड्याच्या गजांतील अंतर मोजतो, त्याला तो कठडा पाठ होतो. वडील खुर्चीत पेपर वाचीत बसले असता ज्याने त्यांचा वाकलेला खांदा पाच वेळा काढला आहे, त्याला तो खांदा कधी आणि किती वाकला हे कोणी सांगावे लागत नाही. रोज जवळ असलेल्या वस्तूंकडे आणि माणसांकडे पाहण्याची ही तालीम आहे, आणि ती वयाच्या कोणत्याही वर्षी सुरू करता येते.

त्यासाठी मुहूर्त नको, वर्गाची फी नको. रात्री जेवणे आटोपल्यावर टेबलावर एक तांब्या ठेवावा, खोलीतील एकच दिवा राहू द्यावा, आणि पाठकोऱ्या कागदावर आधी पाच ठिपके मांडावेत. चित्र वाईट येईल. ते यावयाचेच. त्याच्याखाली तारीख घालून ते वहीत ठेवून द्यावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी तोच तांब्या पुन्हा मांडावा.